घाटातली रॅली : लवकर पोहोचाल तर दंड

टीएसडी रॅलीत नाक्यावर ठरल्या वेळेच्या मिनिटभर आधी पोहोचलात, तर गुण कापले जातात. आणि अनेक रॅलींत हा दंड मिनिटभर उशिरा येणाऱ्यापेक्षा जास्त असतो. नव्या स्वाराला हे पटत नाही. नवी गाडी, नवं जॅकेट, समोर मोकळा घाट, आणि आयोजक सांगतात, तासाला तीस किलोमीटरच्या सरासरीने या! पण शनिवार-रविवारी घाटरस्त्यांवर आणि रानाकडेच्या कच्च्या वाटांवर मोटरसायकली न्यायच्या असतील, तर माझ्या मते रॅलीचा हाच प्रकार शहाणपणाचा. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी त्याच रस्त्यावर त्याच वेळी एसटी, दुधाचा टेम्पो आणि शाळेतून घरी निघालेली पोरं असतात, हे उरतंच.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. रस्ता ठरलेला, सरासरी वेग ठरलेला. त्यावरून प्रत्येक ठिकाणी पोहोचण्याची वेळ निघते. ती जो अचूक गाठेल, तो जिंकतो. अशी रॅली रीतसर स्पर्धा म्हणून भरवायची तर ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’चे नियम आणि पोलीस-प्रशासनाची परवानगी लागते. दहा-बारा मित्रांनी आपापसात हिशेब ठेवायचा म्हटलं, तरी पद्धत तीच ठेवावी. पहिल्यांदाच भाग घेणाऱ्यांसाठी आणि स्वतःच्या गटाची रॅली आखणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

बोलायला एक मार्ग धरू. पहिल्या दिवशी भोर, नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेने वरंध घाट, खाली बिरवाडी-महाड, मग पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी तापोळा, शिवसागर जलाशय बार्जने ओलांडून बामणोली, कास आणि सातारा. डांबर, उखडलेलं डांबर, मुरूम, लाल माती, पाणी, सगळं यात येतं. बार्जची वेळ आदल्या दिवशी तिथल्या माणसाला विचारून घ्या. नाहीच जमलं, तर महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढ्याला उतरून सातारा गाठता येतो. बार्जवर चढण्या-उतरण्याचा वेळ सरासरीत धरू नये. आयोजकांनी तो सगळ्यांना सारखा मोकळा सोडावा, नाहीतर अर्धे गुण पाण्यावरच जातात.

आता हिशेब. तासाला २४ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला अडीच मिनिटं, ३० म्हणजे दोन मिनिटं, ३६ म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद, ४० म्हणजे दीड मिनिट. हे चार आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून टाकीवर चिकटवा. हातमोज्यांत फोनवर भागाकार करायला घाटात कोणालाही फुरसत नसते. रोड बुकमध्ये, म्हणजे मार्गाच्या पुस्तिकेत, एका ओळीला सुरुवातीपासूनचं अंतर, मागच्या खुणेपासूनचं अंतर, वळणाचं बाणचित्र आणि शेरा असतो. चित्रात खालचा ठिपका म्हणजे तुम्ही जिथून येता ती बाजू, बाणाचं टोक म्हणजे जायची बाजू. पुस्तिका निघण्याआधीच्या रात्री वाचा आणि सरासरी बदलते त्या ओळींवर रंगीत पेनने खूण करा. बहुतेक घोळ रस्ता चुकल्याने होत नाहीत; सरासरी ३६ वरून २४ झाली आहे, हे चार किलोमीटर उशिरा लक्षात आल्याने होतात.

आयोजकांचा मीटर आणि तुमचा मीटर एकच बोलतील, असं समजू नका. सुरुवातीला मोजलेला टप्पा दिलेला असतो, तो त्यासाठीच. दहा किलोमीटरच्या टप्प्यावर तुमचा मीटर १०.४ दाखवत असेल, तर पुस्तिकेतल्या प्रत्येक अंतराला १.०४ ने गुणायचं. हे केलं नाही आणि १८.६ किलोमीटरचा टप्पा ३६ च्या सरासरीने म्हणजे ३१ मिनिटांत मारलात, तर मीटरप्रमाणे तुम्ही चोख असाल. प्रत्यक्षात मात्र सव्वा मिनिटाच्या आसपास मागे राहिलेले असाल.

वेळ हातात जास्त असेल, तर तो टप्प्याच्या सुरुवातीला, रुंद रस्त्यावर घालवा. नाक्यावर वेळ नोंदवणारा मार्शल दिसतोय अशा अंतरात थांबणं किंवा रांगणं बहुतेक नियमावल्यांत चालत नाही. आणि उशीर झाला असेल, तर तो घाटात भरून काढायचा नाही. वरंधमध्ये चार मिनिटं मागे पडलात, तर ती चार मिनिटं मागेच राहू द्या. बिरवाडीच्या पुढे सपाटीवर जमलं तर पाहू. आयोजकांनीही याला मदत करावी. मार्गाची पाहणी रॅलीच्याच वारी, त्याच वेळेला, गटातल्या सगळ्यात छोट्या गाडीवरून करा. ती जी सरासरी आरामात राखेल, त्याहून थोडी कमी सरासरी पुस्तिकेत छापा. मोठ्या गाड्यांवाले कुरकुरतील. कुरकुरू द्या.

घाटातलं वळण

वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. गिअरही तेव्हाच बदला. वळणात शिरल्यावर थ्रॉटल एकसारखा ठेवा आणि नजर रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं. वेगळं शिकावं लागतं ते डाव्या आणि उजव्या वळणांतलं. डावं वळण वेगात घेतलं तर गाडी बाहेर फेकली जाते आणि थेट समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जाते. म्हणून आंधळ्या डाव्या वळणात आपल्या बाजूच्या मध्याजवळ राहा. पुढचं लवकर दिसतं. उजव्या वळणात उलट घोटाळा. चाकं आपल्या बाजूला असतात, पण गाडी झुकल्यावर डोकं आणि हँडल मधल्या रेषेच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि समोरून एसटी आलेली असते. उजव्या वळणात डावीकडे राहा, पण कठड्याला चिकटू नका. उडालेली खडी तिथेच साठते.

नागमोडी वळणावर एसटीला अख्खा रस्ता लागतो. बस वळताना दिसली, की वळणाच्या अलीकडेच थांबा. वळणाच्या आत सापडलात तर तिला जागा राहत नाही आणि तुम्हालाही. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियमच आहे, नुसता शिष्टाचार नाही. चढावर थांबायची वेळ आली, तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर आणि डावा जमिनीवर. निघताना क्लच हळूहळू सोडत गाडी ओढायला लागली की मगच ब्रेक सोडायचा. घराजवळच्या एखाद्या चढावर याची दहा-वीस वेळा सवय करून घ्या. घाटात सगळ्यांदेखत शिकायची ही गोष्ट नव्हे.

उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे अजूनही भेटतात. त्यांना गटात घेऊ नये, इतकं माझं मत स्पष्ट आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक गरजेपुरते लागतात. सलग दाबून ठेवलेले ब्रेक तापतात, आणि मग लिव्हर दाबला तरी गाडी ऐकेनाशी होते.

रस्त्यावर काय पडलेलं असेल, हे हंगामावर ठरतं. दिवाळीच्या आसपास भाताची कापणी-झोडणी चालू असते आणि वाडीजवळच्या डांबरावर पेंढा पसरलेला असतो. त्यावर ब्रेक लावला तर चाक सरकतं. सावलीतल्या वळणांवर झिरपणाऱ्या पाण्याने शेवाळ धरलेलं असतं. चढाच्या वळणावर ट्रकमधून सांडलेलं डिझेल ऊन पडलं की चमकतं, ढगाळ हवेत दिसत नाही. वरंधच्या माथ्यावर, कावळ्या किल्ल्याजवळ, माकडं रस्त्यातच बसलेली असतात. लोक खायला टाकतात म्हणून. तुम्ही टाकू नका आणि तिथे हळू जा. आंबेनळीत आणि महाबळेश्वरच्या अलीकडे अचानक धुकं येतं. तेव्हा दिवा लो बीमवर, हेल्मेटची काच थोडी उघडी, आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेषा धरून चला. पुढच्याचा लाल दिवा धरून जाऊ नका, तोही चुकलेला असू शकतो.

पावसाळ्यात हा मार्ग घेऊ नये. धबधबे पाहायला सगळी दुनिया तेव्हाच निघते, हे खरं. पण दरडींमुळे वरंध घाट अनेकदा बंद ठेवावा लागतो. जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. त्या काळातही निघण्याआधी घाट खुला असल्याची खात्री जिल्हा प्रशासनाच्या सूचनांवरून करून घ्या. दुरुस्तीसाठीही घाट बंद ठेवतात.

डांबर संपल्यावर

कच्च्या वाटेवर पहिली गोष्ट, फूटरेस्टवर उभं राहायचं. गुडघे टाकीला हलके लावून, कोपरं बाहेर, हँडलवरची पकड सैल. मुरमावर पुढचं चाक थोडं इकडेतिकडे जाणारच. त्याला जाऊ द्या. घट्ट धरून सरळ करायला गेलात, की पडलात. साधारण दुसरा गिअर, एकसारखा वेग. पुढचा ब्रेक अगदी हलका, मागचा जास्त. सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबायला लागणारं अंतर वाढू शकतं. गाडीला मागचं एबीएस बंद करायची सोय असेल तर तेवढ्यापुरतं करा, आणि डांबरावर आल्यावर पुन्हा चालू झालं ना, ते पाहा. टायरमधली हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा थोडी उतरवली तर पकड सुधारते, पण मग हवा भरायचा पंप जवळ हवा. कमी हवेच्या टायरवर घाटात वळणं घेणं धोक्याचं आहे.

चढावर मध्येच गाडी अडकली तर नवखा माणूस पुढचा ब्रेक आवळून धरतो. उताराकडे मागे सरकणाऱ्या गाडीचं वजन मागच्या चाकावर असतं. पुढचं चाक लॉक होऊन नुसतं घसरत येतं. त्याऐवजी इंजिन बंद करा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून क्लच सोडा. गाडी तिथेच थांबते. मग खाली उतरा, श्वास घ्या, मागच्याला हाक मारा. आडवी पडलेली गाडी उचलताना कमरेतून वाकून ओढू नये. सीटला पाठ लावून बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोराने मागे सरकत उठायचं. गाडी पलीकडे पडू नये म्हणून आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा. डावीकडे पडलेली असेल तर दुसऱ्या कोणाला तरी पलीकडून धरायला सांगा.

ओढा आला तर आधी चालत जा. पाणी गुडघ्याएवढं आणि ओढीचं असेल तर मागे फिरा; रॅलीत त्या टप्प्याचे गुण जातील, एवढंच. फरशी पुलावर पाणी वाहत असेल तर शेवाळ असणारच. सरळ रेषेत, ब्रेक न लावता, वळण न घेता पार व्हायचं. पलीकडे गेल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवलं की ते सुकतात.

जंगलवाट हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. रॅलीसाठी योग्य वाट म्हणजे वाडीवस्तीकडे जाणारा, गावकऱ्यांच्या गाड्या रोज ज्यावरून जातात असा कच्चा रस्ता. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तो २०१० साली. शिवसागराच्या आसपासचा मोठा भाग त्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. नकाशाच्या ॲपवर रेघ दिसते म्हणून ती वाट तुमची होत नाही. पाहणीच्या वेळी वनरक्षकाला विचारा आणि शंका असेल ती वाट पुस्तिकेतून काढून टाका.

सड्यांविषयी मी जरा कडक आहे. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे, तिथे पहारा असतो, म्हणून तिथे कोणी गाडी घालत नाही. पण तसेच जांभ्याचे सडे आजूबाजूला कितीतरी आहेत आणि त्यांना ना कुंपण, ना फलक. खडकावर बोटभर माती, त्यात वर्षातून काही आठवडे दिसणारी फुलं आणि बाकी वर्षभर मातीत निजलेले कंद-बिया. हिवाळ्यात ते नुसतं उजाड माळरान वाटतं आणि कॅमेऱ्यापुढे गाडी गोल फिरवायचा मोह होतो. त्या चाकोरीने माती उकरली जाते, पावसात वाहून जाते आणि तिथे पुन्हा काही उगवायला किती वर्षं जातील, हे सांगता येत नाही. सड्यावर गाडी घालणाऱ्याला रॅलीतून बाद करा. नियम आधी लेखी द्या, म्हणजे नंतर वाद नको.

जानेवारीनंतर गवत वाळतं. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतात उभा केला, की वणव्याला तेवढं पुरतं. गाडी नेहमी उघड्या मातीवर किंवा दगडावर लावा. कुठे आग किंवा जखमी प्राणी दिसला तर वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. वाटेत गवा उभा असेल तर लांब थांबा, हॉर्न नको, इंजिनचा आवाज वाढवायला नको, फोटोसाठी पुढे जायला तर मुळीच नको. तो त्याच्या वेळेने जातो. त्यालाही पुस्तिका दिलेली नसते. अंधार पडल्यावर या भागात कोणीही गाडीवर नसावं, अशा बेताने शेवटचं टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवायचा नाका, ठेवा.

वाडीतून जाताना वीसच्या वर जाऊ नका. एका मागोमाग पंधरा गाड्यांची धूळ लोकांच्या वाळवणावर आणि अंगणात बसते, हे लक्षात असू द्या. पाहणीच्या वेळी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून तारीख सांगा. दुपारचं जेवण तिथल्याच घरातून, बचत गटाकडून ठरवून पैसे मोजून घ्या. पिठलं-भाकरी मिळते आणि पुढच्या वर्षी त्या वाटेवर तुमचं तोंड पाहून कोणी दगड आडवा ठेवत नाही.

गट, गाडी आणि अडचण

गट पाच-सहांचा असावा. घाटात एकामागे एक, आपापसात ओव्हरटेक नाही. पुढे रस्ता ओळखणारा, सगळ्यात शेवटी शांत डोक्याचा आणि हत्यारं बाळगणारा. नवखा माणूस पुढच्याच्या लगेच मागे. प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, तो दिसला की निघायचं. एवढा एक नियम पाळला, तर मोबाइलला रेंज नसली तरी कोणी हरवत नाही. टीएसडीत एकेकाला मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात, त्यामुळे घोळका आपोआप टळतो. पण मग शेवटची गाडी गेल्यावर मागून सफाईला एक गाडी हवीच, आणि तिच्याकडे सगळ्या गाड्यांच्या नंबरांची यादी.

गाडीची तयारी फार लांबवत नाही. टायरची नक्षी, ब्रेक पॅड, चेनचा ताण, नट-बोल्ट, आणि मेकॅनिकने ‘चालेल’ म्हटलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा एकदा. क्लच आणि ॲक्सिलरेटरची जादा वायर आधीच जुन्या वायरीशेजारून बांधून ठेवली, तर रस्त्यात दहा मिनिटांत बदलता येते. ब्रेक-क्लचच्या लिव्हरचे क्लॅम्प किंचित सैल ठेवा. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. पंक्चरचं साहित्य नुसतं बाळगू नका, ते वापरता येतं का ते घरी पाहा. पेट्रोल पोलादपूर किंवा महाबळेश्वरला भरा, पुढे पंप असेलच असं धरून चालू नका. सामान खाली आणि घट्ट. लोंबणारा पट्टा चेनमध्ये गेला की संपलं. आयएसआय हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही, घोटा झाकणारे बूट, हातमोजे. मागे बसून पुस्तिका वाचणारा जोडीदार असेल तर मागचं सस्पेन्शन आणि हवा दोघांच्या वजनाप्रमाणे करून घ्या, आणि एखाद्या रविवारी दोघांनी मिळून सराव करा. ‘डावीकडे’ हे वळणाच्या किती आधी सांगायचं, ते त्या सरावात ठरतं.

कोणी पडलं तर आधी धावत त्याच्याकडे जाऊ नका. एक जण वरच्या वळणावर, एक खालच्या वळणावर पाठवून वाहनं थांबवा. दुसरा अपघात बहुधा पहिल्याच्या गर्दीवर होतो. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर मदतीसाठी ११२. रेंज नसेल तर एकाला रेंजच्या दिशेने पाठवताना जागेचं वर्णन कागदावर लिहून द्या: कोणता घाट, शेवटचं गाव, मैलाचा दगड, जखमीची स्थिती. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे, तेव्हा अनोळखी माणूस पडलेला दिसला तरी थांबा. त्या टप्प्याची वेळ मार्शल रद्द करून देतात आणि न दिली तर सोडून द्या. मार्गावरच्या तालुक्याच्या गावांतल्या सरकारी रुग्णालयांचे नंबर, प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा एक नंबर पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलेला असावा.

रविवारचा शेवट साताऱ्याला दुपारी दोनच्या आत करा. निकाल, जेवण, हरकत घ्यायला अर्धा तास, बक्षिसं, आणि तीनला मोकळे. संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणीहून परतणाऱ्या गाड्यांनी पुण्याचा महामार्ग भरतो, खंबाटकीच्या आसपास रांगा लागतात, आणि दोन दिवस घाटात सांभाळून चालवलेला माणूस तिथे थकून चुका करतो. ज्यांना झोप येतेय त्यांनी साताऱ्यात तासभर पडावं. निघण्यापूर्वी सगळ्यांनी टायरमधली हवा पूर्ववत भरून घ्यावी.